ओले की सुके? वसईच्या मांजराच्या ताटाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #वसई

१/२६
वसई-विरारच्या मासळीबाजारात दोन शब्दांवर सगळा व्यवहार चालतो: ओले आणि सुके. ओले बोंबील, सुके बोंबील. ओला जवळा, सुका जवळा. हेच दोन शब्द आज पाळीव प्राण्यांच्या दुकानातही ऐकू येतात. मांजराचे ओले खाद्य लहान पाकिटात, सुके खाद्य मोठ्या पिशवीत. ओले महाग, सुके स्वस्त. परवडेल, ओले असेल आणि पोषणात उणे पडणार नाही असे अन्न मांजराला कसे द्यावे, हा प्रश्न अगदी आजचा वाटतो. त्यामागचा इतिहास मात्र किमान दोन हजार वर्षांचा आहे, आणि त्याचा एक धागा नालासोपाऱ्यातून जातो.

२/२६
आधी एक साधा प्रश्न. पाकिटे नव्हती, पशुवैद्य नव्हते, ‘संपूर्ण आहार’ असे छापील लेबल नव्हते, तेव्हा मांजर कशावर जगत होते? ‘दूधभातावर’ हे घरोघरीचे उत्तर. ‘मासळीवर’ हे किनाऱ्यावरचे उत्तर. दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. उरलेले अर्धे उत्तर ताटात कधीच वाढले जात नव्हते, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. ते उत्तर म्हणजे उंदीर.

३/२६
भाषेने मात्र ते नीट जपून ठेवले आहे. अमरकोशात मांजराच्या नावांमध्ये बिडाल आणि मार्जार यांच्याबरोबर ‘आखुभुक्’ हेही नाव येते. आखु म्हणजे उंदीर, भुक् म्हणजे खाणारा. संस्कृत व्याकरणकारांना कायमच्या वैराचे उदाहरण हवे झाले तेव्हा त्यांनी ‘मार्जारमूषकम्’ हा समास दिला. मराठीत ‘उंदराला मांजर साक्ष’ आले. कोशकार, व्याकरणकार आणि म्हणी रचणारी सामान्य माणसे या सर्वांनी मांजराची ओळख त्याच्या अन्नावरून केली, आणि त्या अन्नात दूध कुठेच नव्हते.

४/२६
माणूस आणि मांजर यांचा संबंध जुळला तोही धान्याच्या कोठारापाशी. सायप्रस बेटावर शिलुरोकाम्बोस येथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचा सांगाडा मिळाला; २००४ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. सायप्रसमध्ये मूळची मांजरे नव्हती. म्हणजे माणसाने ते मांजर होडीतून समुद्रापार नेले होते. शेती आली, धान्य साठले, उंदीर आले, उंदरांमागून मांजर आले. या व्यवहारात मांजराला वाढण्याची जबाबदारी माणसाने घेतलेली नव्हती. धान्याने उंदीर पोसले आणि उंदरांनी मांजर.

५/२६
भारतीय उपखंडात सिंधू संस्कृतीच्या चान्हुदडो येथील उत्खननात एक वीट सापडली. वीट ओली असताना तिच्यावरून एक मांजर पळाले आणि त्याच्या मागून कुत्रा. दोघांची पावले मातीत उमटली, वीट वाळली आणि ठसे राहिले. मांजराचा इतिहास बहुधा अशाच साधनांतून हाती येतो: पाऊलठसे, हाडे, शब्द. त्याच्या ताटाचा हिशेब कोणी वहीत लिहून ठेवत नाही.

६/२६
आता नालासोपारा. प्राचीन शूर्पारक, अपरान्ताचे मोठे बंदर. येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटातील स्तूप उकरला आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा जगापुढे आणला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयन-ग्रंथात याच बंदराचा उल्लेख ‘सुप्पारा’ असा येतो. त्याच ग्रंथात इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील दोन बंदरे येतात: बेरेनिके आणि म्योस होर्मोस. भारताकडे येणारी जहाजे तिथून निघत. मांजराच्या आहाराचे दोन फार महत्त्वाचे पुरावे नेमके याच दोन बंदरांत सापडले आहेत.

७/२६
पहिला पुरावा म्योस होर्मोसचा, म्हणजे आजच्या कुसैरजवळचा. तेथे रोमन काळातील एका मांजराचा सांगाडा मिळाला. १९८३ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मांजराच्या पोटाच्या जागी त्याचे शेवटचे जेवण टिकून होते: एकाहून अधिक काळ्या उंदरांची हाडे. काळा उंदीर हा मूळचा भारतीय उपखंडाचा. धान्य आणि जहाजे यांच्याबरोबर तो पश्चिमेकडे पसरला. मसाले, कापड, मोती यांच्या व्यापाराचा इतिहास आपण वाचतो. त्याच वाटेने उंदीरही गेले आणि परक्या बंदरातल्या मांजरांचे अन्न झाले.

८/२६
दुसरा पुरावा बेरेनिकेचा, आणि तो अधिक हृद्य आहे. तेथे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील पाळीव प्राण्यांची दफनभूमी मिळाली. मार्ता ओसिपिन्स्का यांच्या गटाने सुमारे ६०० प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यास केला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. बहुसंख्य प्राणी मांजरे होती. ती ममी करून देवाला वाहिलेली नव्हती. साधेपणाने, काळजीपूर्वक पुरलेली होती. काहींच्या गळ्यात पट्टे होते, काहींच्या गळ्यात मण्यांच्या माळा.

९/२६
इथले काही प्राणी म्हातारपणापर्यंत जगले होते. काहींचे दात जवळजवळ उरलेले नव्हते, काही नीट चालूही शकत नसावेत. बिनदातांचा, लंगडा प्राणी वाळवंटाच्या काठी शिकार करून जगत नाही. त्याला कोणीतरी मऊ, ओलसर अन्न भरवत होते. बेरेनिके हे काही सुपीक गाव नव्हते. तिथे बरेचसे अन्नधान्य नाईलच्या खोऱ्यातून वाळवंट ओलांडून आणावे लागे. ज्या गावात माणसाचेच अन्न महाग होते, तिथे कोणीतरी म्हाताऱ्या जनावरासाठी घास मऊ करत होते. परवडण्याचा प्रश्न इतका जुना आहे.

१०/२६
तांबड्या समुद्रावरून पुन्हा वसईच्या किनाऱ्याकडे. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव ही मासेमारीची गावे. डोल जाळ्यात बोंबील, मांदेली, करदी, जवळा येतो. निवडणी होते, विकण्याजोगे टोपलीत जाते, उरलेसुरले आजूबाजूच्या मांजरांकडे. बोंबील बांबूच्या मांडवावर वाळत घातले की राखण करणारी माणसे आणि ताक धरून बसलेली मांजरे हे दृश्य ठरलेलेच. ताजा बोंबील बहुतांशी पाण्यानेच भरलेला असतो. बाजारात ‘ओले खाद्य’ येण्याच्या कितीतरी आधी किनाऱ्याच्या मांजरांना ते फुकट मिळत होते.

११/२६
पण बाराही महिने नव्हे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्रात उतरतात. मधल्या दिवसांत माणसांच्या ताटात सुके बोंबील आणि सुकट येते. मांजराच्या वाट्याला काय येणार? किनाऱ्यापासून आत, वाडीत आणि शेतकऱ्याच्या घरी तर मासळी रोजची नव्हतीच. तिथे भाताचे चार घास, दुधाची वाटी, भाकरीचा किंवा पावाचा तुकडा. ‘शिंके तुटले आणि बोक्याचे फावले’ ही म्हण सांगते की दूध-दही बोक्यापासून टांगून ठेवण्याची वस्तू होती. त्याच्यासाठी ते राखलेले नव्हते.

१२/२६
तरीही मांजर जगले, वाढले, पिल्ले घातली. कारण घरातला घास हा त्याचा जोड-आहार होता. मुख्य जेवण भाताच्या कणगीमागे, गवताच्या गंजीत, केळीच्या बागेत रात्री होत असे. माणसाला वाटले की मांजर आपल्या दूधभातावर पोसले गेले. दोन्ही जेवणे एकाच पोटात जात होती, पण माणसाला त्यातले एकच दिसत होते. पुढच्या शंभर वर्षांच्या बहुतेक चुका या गैरसमजातून निघाल्या.

१३/२६
उंदीर आणि मांजर यांच्याकडे सरकारने गंभीरपणे पाहिले ते प्लेगच्या काळात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथ मुंबई इलाख्यात पसरली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवले आणि पुढील दशकात मुंबईतील संशोधनाने त्याला भक्कम आधार दिला. उंदीर मारणे हे राज्यकर्त्यांचे धोरण झाले.

१४/२६
या वेळी वऱ्हाडातून एक वेगळा आवाज आला. अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजर हे प्लेगला रोखणारे साधन आहे असा लेख लिहिला. गावोगावची मांजरे आणि प्लेगचा प्रादुर्भाव यांची त्यांनी तुलना केली आणि मांजरे पाळण्याचा आग्रह धरला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो आणि त्याच्याकडून माणसाला लागण होऊ शकते, हे आज ज्ञात आहे. त्यामुळे तो उपाय जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. इतिहासासाठी महत्त्वाची गोष्ट निराळी आहे.

१५/२६
मांजर उंदरांचे काय करते, हे त्या काळात मोजले गेले. उंदीर मांजराचे काय करतो, हा प्रश्न कोणी विचारला नाही. एक उंदीर म्हणजे सुमारे ३० किलोकॅलरी. चार किलो वजनाच्या घरातील मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे सात-आठ उंदीर. उंदराच्या शरीराचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाणी. वाळवंटी पूर्वजांचा वारसा असलेले मांजर पाणी पिण्यात कंजूष असते. ते पाणी ‘खाते’. उंदराबरोबर मांस, हाडांतला चुना, यकृतातले अ-जीवनसत्त्व आणि हृदयातले एक द्रव्य असे सारे एकत्र येते. त्या द्रव्याची कथा पुढे येईल.

१६/२६
तिकडे लंडनमध्ये १९व्या शतकात मांजरांसाठी मांस विकणारे फेरीवाले गल्लोगल्ली फिरत. मेलेल्या घोड्यांचे उकडलेले मांस काड्यांना टोचून विकले जाई. गरीब घरांनाही ते परवडे. १८६०च्या दशकात जेम्स स्प्रॅटने कुत्र्यांची बिस्किटे बाजारात आणली. १९२२ मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबाबंद कुत्र्याचे खाद्य आले आणि ओले खाद्य कारखान्यात शिरले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याच्या डब्यांवर निर्बंध आले तेव्हा कंपन्या सुक्या खाद्याकडे वळल्या. सुके खाद्य लोकप्रिय होण्यामागे मांजराची आवड नव्हती. पत्र्याची टंचाई आणि साठवणीची सोय होती.

१७/२६
मांजर शहरात आले, कोठारापासून दूर गेले, आणि त्याच्या अन्नाचा हिशेब चुकू लागला. पहिला धडा मासळीचा. १९३०च्या दशकात अमेरिकेत कातडीसाठी पाळलेल्या कोल्ह्यांना कच्ची मासळी दिल्यावर ते लुळे पडून मरू लागले. काही जातींच्या कच्च्या मासळीत ब-१ जीवनसत्त्व (थायामिन) नष्ट करणारे विकर असते, हे पुढे कळले. मांजरांनाही तोच धोका असतो. शिजवल्याने ते विकर निष्प्रभ होते. केवळ लाल, तेलकट ट्यूनावर ठेवलेल्या मांजरांत ई-जीवनसत्त्वाची उणीव होऊन अंगातील चरबी सुजते, हेही दिसून आले. ‘मांजराला मासा आवडतो’ हे खरे. ‘मांजराला मासा पुरतो’ हे खरे नव्हे.

१८/२६
दुसरा धडा निव्वळ मांसाचा. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात पॅट्रिशिया स्कॉट यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत मांजरांच्या आहारावर काम केले. हाडांवाचून नुसते मांस खाणाऱ्या पिल्लांची हाडे ठिसूळ होत, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. तिसरा धडा यकृताचा. ऑस्ट्रेलियात १९६०च्या दशकात रोज कच्चे यकृत खाणाऱ्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून गेलेले आढळले. हा अ-जीवनसत्त्वाच्या अतिरेकाचा परिणाम. खाटकाकडची स्वस्त कलेजी हे मांजराचे पूर्ण जेवण नव्हे, हे तेव्हा सिद्ध झाले.

१९/२६
चौथा धडा सर्वांत मोठा. १८२७ मध्ये बैलाच्या पित्तातून एक द्रव्य वेगळे केले गेले होते. बैलाच्या लॅटिन नावावरून त्याला टॉरिन म्हणू लागले. दीडशे वर्षे त्याला फारसे महत्त्व नव्हते. १९७५ मध्ये के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दुधातील केसिन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांतील दृष्टिपटल झिजते आणि कारण टॉरिनची उणीव हे असते. कुत्रा आपल्या शरीरात ते पुरेसे तयार करतो. मांजराला ते जमत नाही. त्याला ते प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते. दुधावर मांजर वाढवण्याच्या समजुतीला प्रयोगशाळेने दिलेले हे उत्तर होते.

२०/२६
तरीही गोष्ट संपली नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी हृदय फुगून निकामी होणाऱ्या मांजरांचे रक्त तपासले. टॉरिन अत्यल्प निघाले. ते दिल्यावर कितीतरी मांजरांची हृदये पुन्हा नीट काम करू लागली. धक्का देणारी बाब ही की ही मांजरे उपाशी किंवा उकिरड्यावरची नव्हती. ती विकत आणलेले, ‘संपूर्ण’ म्हणून छापलेले खाद्य खात होती. लेबल त्या काळच्या मानकांनुसार खरे होते. मानकेच अपुरी होती. किती मांजरे त्याआधी ‘हृदयविकाराने’ गेली असतील, याची मोजदाद कोणाकडे नाही.

२१/२६
त्यात ओल्या खाद्याचा दोष अधिक निघाला. डबाबंद अन्न टिकवण्यासाठी तीव्र उष्णता दिली जाते. अशा अन्नावर आतड्यातील जीवाणू टॉरिनचा अधिक नाश करतात. म्हणून अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या मानकात आज सुक्या खाद्यासाठी किमान ०.१ टक्का टॉरिन, तर डबाबंद ओल्या खाद्यासाठी त्याच्या दुप्पट, ०.२ टक्के (कोरड्या भागाच्या प्रमाणात) आवश्यक मानले जाते. पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेला ‘टॉरिन’ हा शब्द त्या मांजरांच्या मृत्यूंतून तिथे आला आहे.

२२/२६
ओले खाद्य आशियात स्वस्त झाले ते थायलंडमुळे. तेथे ट्यूना डब्यात भरण्याचा मोठा उद्योग उभा राहिला. माशाचे पांढरे मांस माणसांच्या डब्यात गेले आणि गडद मांस मांजरांच्या. वसईच्या किनाऱ्यावर टोपलीत न गेलेली मासळी मांजराकडे जात होती. थायलंडमध्ये तेच सूत्र कारखान्याच्या प्रमाणावर चालले. फरक इतकाच की तिथे उरलेल्या भागात टॉरिन, जीवनसत्त्वे आणि क्षार मोजून घातले जातात. अर्नाळ्याच्या मांजराला ही भरपाई उंदीर करून देत असे.

२३/२६
आता वसई बदलली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे पहिली लोकल धावली. शतकभराने त्याच रुळांच्या कडेला घरे मिळतील म्हणून माणसे लोटली. भातखाचरे आणि वाड्या यांच्या जागी इमारती आल्या. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. मांजरही माणसाबरोबर चौथ्या मजल्यावर गेले. जाळी लावलेल्या खिडकीआड ते सुरक्षित झाले, पण त्याचे रात्रीचे जेवण तळमजल्यावरच राहिले. दूधभात तोच, मासळीचे डोकेही तेच. फक्त उंदीर वजा झाला.

२४/२६
इथे परवडण्याचा प्रश्न येतो. ८०-८५ ग्रॅमच्या ओल्या पाकिटात साधारण ६० ते ८० किलोकॅलरी असतात, कारण त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणी असते. निव्वळ पाकिटांवर मांजर पोसायचे तर दिवसाला तीन, महिन्याला नव्वद पाकिटे. त्यात करही आला: २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर गुरे-कोंबड्यांचे खाद्य करमुक्त राहिले आणि कुत्र्या-मांजरांचे बांधीव खाद्य १८ टक्क्यांच्या गटात गेले. रोज पहाटेची लोकल पकडणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब जड जातो. मग ताटात पुन्हा दूधभात येतो, आणि त्याची किंमत मांजराचे डोळे आणि हृदय फेडतात.

२५/२६
इतिहासातून निघणारा मध्यम मार्ग मात्र स्वस्त आहे.
• ओल्या आणि सुक्या दोन्ही पाकिटांवर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असे लिहिलेले पाहावे. ‘पूरक’ किंवा ‘खाऊ’ असलेले पाकीट जेवण नव्हे.
• दिवसाचा मुख्य भाग साध्या पण संपूर्ण सुक्या खाद्याचा, त्याबरोबर एक ओले पाकीट कोमट पाणी मिसळून. पाणी पोटात जाण्याचा हेतू साधतो आणि खर्च आवाक्यात राहतो.
• बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे मांस किंवा शिजवून काटे काढलेली मासळी दिवसाच्या उष्मांकांच्या दहाव्या भागापर्यंत चालते.
• सुके खारवलेले बोंबील नकोत, मीठ फार. कालवणातला मासा नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी नष्ट करतात. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचत नाही.
• पूर्णपणे घरचे अन्न द्यायचे असेल तर टॉरिन आणि कॅल्शियम किती घालायचे ते पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. अंदाज इथे घातक ठरतो, हे वरच्या चारही धड्यांनी दाखवले आहे.

२६/२६
बेरेनिकेत दात पडलेल्या जनावराला मऊ घास भरवणाऱ्या माणसाला टॉरिन ठाऊक नव्हते, आणि पाचूबंदरच्या ओट्यावर बोंबलाचे डोके टाकणाऱ्या हातांनाही नव्हते. त्यांना ते ठाऊक असण्याची गरज नव्हती. त्यांच्या मांजराला दार उघडे होते. दार बंद करून मांजराला आपल्या घरात ठेवणारी पिढी इतिहासात नवी आहे. उंदीर जे देत होता ते सारे देण्याचे काम आता या पिढीकडे आले आहे, आणि त्यासाठी लागणारे टॉरिनचे ज्ञान १९७५ ते १९८७ या अवघ्या बारा वर्षांत हाती आले. विरारच्या चौथ्या मजल्यावरची ती वाटी भरताना महागडे पाकीट असलेच पाहिजे असे नाही. त्या पाकिटाची मागची बाजू वाचता आली पाहिजे.

#थ्रेड समाप्त